नववीच्या मुलांना ‘पुढचं’ गणित आणि भौतिकशास्त्र दाखवायचंय? अशी करा सुरुवात

काही वर्षांपूर्वी शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, “आमच्या पोराला गणिताचं भारी वेड आहे हो. शाळेतलं सगळं संपवून बसलाय. तुम्ही त्याला काहीतरी पुढचं शिकवा ना.” त्याच्या मागून त्याचे मित्र आले, वर्गातल्या दोन-तीन मुली आल्या आणि पहिल्या शनिवारी माझ्या पुढ्यात चौदा जण बसले. मी ‘पुढचं’ या शब्दाचा सरळ अर्थ घेतला. अकरावीचं पुस्तक उघडलं आणि अवकलनाची (डिफरन्शिएशनची) सूत्रं फळ्यावर लिहायला लागलो. मुलांनी ती सुबक अक्षरात उतरवून घेतली. तिसऱ्या शनिवारी पाच जण उरले.

त्या पाचांतली एक मुलगी जाता जाता म्हणाली, “दादा, हे सूत्र खरंय कशावरून?” मी काहीतरी सांगितलं. तिला पटलं नाही, आणि तिचं बरोबर होतं. त्यानंतर मी सूत्रांची वही बंद केली आणि दर शनिवार त्या एका शब्दाभोवती बांधायला लागलो: कशावरून? कॉलेजात गेल्यावर मुलांना जे गणित आणि भौतिकशास्त्र अवघड जातं, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. सूत्रं पाठ असतात, पण ती कुठून आली हे कोणी विचारू दिलेलं नसतं.

तुम्ही शिक्षक असाल, इंजिनिअरिंगला शिकत असाल, बँकेतून निवृत्त झाला असाल किंवा फक्त एका चौकस मुलाचे आई-बाबा असाल. खाली लिहिलंय ते तुम्हाला करता येईल. दहावीपर्यंतचं गणित नीट आठवत असलं आणि ‘मला माहीत नाही, बघू या’ असं मुलांसमोर म्हणायची लाज वाटत नसली की झालं.

आधी मुलं आणि वेळ

आठ ते बारा मुलं पुरेत. पंधराच्या वर गेलं की त्याचा क्लास होतो, आणि क्लास त्यांना आधीच आहेत. मुलं निवडताना मार्कांची यादी मागवू नका. मी शाळेच्या नोटीस बोर्डावर एक कोडं लावतो आणि आठवडाभरानं जो कोणी कागद घेऊन येईल त्याला घेतो. उत्तर चुकलेलं असलं तरी चालतं, कागदावर खाडाखोड मात्र दिसली पाहिजे. साठ-पासष्ट टक्क्यांची मुलं या चाळणीतून आली आहेत आणि टिकली आहेत.

आठवी संपवून नववीत गेलेली मुलं उत्तम. दहावीची मुलं दिवाळीनंतर येईनाशी होतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जूनमध्ये सुरू करा.

वेळ दीड तास, दिवस शनिवार किंवा रविवार, आणि शक्यतो दुपारची वेळ. संध्याकाळी सहाची वेळ ठेवलीत तर बाहेरगावाहून एसटीनं येणारी मुलं गळतात, त्यातही मुली आधी गळतात. हे मला दोन वर्षं वाया गेल्यावर कळलं. जागा कुठलीही चालेल: वाचनालयाची खोली, देवळाचा सभामंडप, सोसायटीचा हॉल. फळा मात्र हवाच, आणि शक्य असेल तर दोन, एक तुमचा आणि एक मुलांचा. खरं तर दुसराच जास्त वापरला गेला पाहिजे.

पहिला शनिवार: वजाबाकी

पहिल्या दिवशी काही सांगू नका. एक तीन अंकी संख्या घ्यायला सांगा, तिन्ही अंक सारखे सोडून कुठलीही. अंक उतरत्या क्रमानं लावून सर्वांत मोठी संख्या करा, चढत्या क्रमानं लावून सर्वांत लहान, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. समजा २८३ घेतली: ८३२ वजा २३८ म्हणजे ५९४. मग ९५४ वजा ४५९ म्हणजे ४९५. मग पुन्हा ९५४ वजा ४५९, पुन्हा ४९५. अडकलो.

पाच मिनिटांत खोलीत कुजबुज सुरू होते, कारण शेजाऱ्याचंही ४९५ वरच अडकलेलं असतं. एखाद्याचं शून्य येईल. त्याची वही बघा, त्यानं २११ घेतली असेल, ९९ आल्यावर पुढचं शून्य सोडून दिलं असेल. ते ०९९ असं लिहायचं, हा नियम आत्ताच ठरवून टाका.

आता विचारा: सगळ्यांचं ४९५ येणारच, हे कशावरून? बहुतेक मुलं म्हणतात, सगळ्या संख्या करून बघू. करू द्या, दहा मिनिटांत कंटाळतील. मग फळ्यावर एवढंच लिहा: मोठा अंक अ, मधला ब, लहान क. मोठी संख्या १००अ + १०ब + क. लहान संख्या १००क + १०ब + अ. वजाबाकी मुलांना करू द्या. मधला अंक उडून जातो आणि ९९ × (अ − क) उरतं. इथे थांबा. घाई करू नका, चहा घ्या. कोणीतरी म्हणेलच की मग फरक एक ते नऊच असू शकतो, म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर फक्त नऊ संख्या शक्य आहेत: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. त्या नऊ तपासल्या की काम फत्ते. ०९९ वरून ८९१, तिथून ७९२, मग ६९३, मग ५९४, मग ४९५. बाकीच्या याच साखळीत कुठे ना कुठे येऊन मिळतात.

नववीच्या मुलांनी अशी एका तासात एक संपूर्ण सिद्धता केलेली असते, शेकडो संख्यांबद्दल, एकही न सोडता. ही चव महत्त्वाची. घरी जाताना दोन प्रश्न द्या. दोन अंकी संख्यांचं काय होतं? (अडकतच नाही: ९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९, असं गोल गोल फिरत राहतं.) आणि चार अंकी संख्यांचं?

चार अंकींचं उत्तर ६१७४. ते द. रा. कापरेकरांनी १९४९ मध्ये शोधलं. कापरेकर हे डहाणूत १९०५ साली जन्मलेले, देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिक्षक राहिलेले गृहस्थ. जगभरच्या गणितप्रेमींना आज हा आकडा माहीत आहे. हे नाव मुलांना शेवटी सांगा, आधी नाही. ‘थोर गणिती’ म्हणून आधी ओळख करून दिली की मुलं हात बांधून बसतात.

चार अंकींची सिद्धता दुसऱ्या शनिवारी सगळ्यांनी मिळून करता येते. अंक उतरत्या क्रमानं अ, ब, क, ड धरले तर वजाबाकी ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) अशी येते, म्हणजे दोनच फरकांवर सगळं अवलंबून. पहिला फरक १ ते ९, दुसरा ० पासून पहिल्या फरकापर्यंत. अशा जोड्या होतात फक्त ५४. दहा मुलांत वाटल्या की प्रत्येकाला पाच-सहा. चारही अंक सारखे सोडून कुठलीही संख्या घेतली तरी सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतं, हे मुलं स्वतः तक्ता भरून पाहतात. आमच्याकडे एका मुलाच्या वाटणीतली एक जोडी चुकली आणि अर्धा तास ‘कापरेकर चुकले’ असा जल्लोष चालला होता. मी मध्ये पडलो नाही. चूक शेवटी दुसऱ्या मुलीनं काढली.

मग त्यांचा विश्वास मोडा

आकृतिबंध दिसला की तो कायमचा खरा, असं मुलांना वाटायला लागतं. तिसऱ्या शनिवारी याला सुरुंग लावा. वर्तुळावर बिंदू घ्या, प्रत्येक जोडी रेषेनं जोडा, वर्तुळाचे किती तुकडे झाले ते मोजा. एक बिंदू, एक तुकडा. दोन बिंदू, दोन. तीन, चार. चार, आठ. पाच, सोळा. सहा बिंदूंसाठी सगळे छातीठोकपणे बत्तीस सांगतात. मग मोजतात आणि एकतीस येतात. पुन्हा मोजतात. तुमच्यावर शंका घेतात. (बिंदू जरा वेडेवाकडे घ्यायला सांगा. नियमित षटकोन काढला तर मधे तीन रेषा एकाच बिंदूत मिळतात आणि तीसच तुकडे होतात, त्यावरून वेगळाच वाद होतो.)

त्याच दिवशी ‘न गुणिले न, अधिक न, अधिक ४१’ हे ही द्या. न च्या जागी ० टाका, १ टाका, २ टाका: ४१, ४३, ४७, सगळ्या मूळ संख्या. ३९ पर्यंत हे चालतं. चाळीस वेळा लागोपाठ खरं ठरलेलं विधान चाळीस टाकल्यावर कोसळतं, कारण उत्तर ४१ × ४१ येतं. मी एकदा एका मुलाला १० पर्यंत तपासून ‘सिद्ध झालं’ असं लिहिताना पकडलं होतं. आता तोच इतरांच्या वह्या तपासताना ‘चाळीस विसरलास का’ म्हणून टोमणा मारतो.

ए-फोर कागदाचे दोन शनिवार

झेरॉक्सच्या दुकानातला कागद आणा. लांबी २९७ मिलिमीटर, रुंदी २१०. मधोमध दुमडा. अर्ध्या कागदाचा आकार पूर्ण कागदासारखाच दिसतो, फक्त लहान. असं होण्यासाठी लांबी आणि रुंदीचं गुणोत्तर किती हवं? मुलं स्वतः समीकरण मांडतात आणि √२ वर पोहोचतात. मग √२ अपरिमेय आहे याची सिद्धता करा. नववीच्या पुस्तकात √२ अपरिमेय आहे हे वाक्य मुलांनी वाचलेलं असतं, पण ते कशावरून, हे पुष्कळांनी कधी पाहिलेलं नसतं. अपूर्णांक संक्षिप्त रूपात आहे असं समजा, वर्ग करा, अंश सम, मग छेदही सम, म्हणजे संक्षिप्त नव्हताच. वीस मिनिटं लागतात आणि दोन मुलांचे चेहरे तरी ‘फसवणूक झाली’ असे होतात. ते चांगलं लक्षण आहे.

सिद्धता संपली की चांगला प्रश्न येतो, नाही आला तर तुम्ही विचारा: √२ अपूर्णांकात लिहिताच येत नाही, तर कागदावर २९७ आणि २१० कसे? म्हणजे कागद थोडा खोटं बोलतोय. २९७/२१० संक्षिप्त केलं की ९९/७० येतं. ९९ चा वर्ग ९८०१. ७० च्या वर्गाची दुप्पट ९८००. फक्त एकाचा फरक!

आता शोधायला लावा: पहिल्या संख्येचा वर्ग दुसरीच्या वर्गाच्या दुपटीपेक्षा बरोबर एकनं मोठा, अशा आणखी जोड्या आहेत का? ३ आणि २ लगेच सापडते. १७ आणि १२ थोड्या वेळानं. पुढची जोडी करायची युक्ती अशी: जोडी क्ष आणि य असेल, तर ३क्ष + ४य आणि २क्ष + ३य ही पण तशीच जोडी. कंस सोडवून हे कोणालाही पडताळता येतं. ९९, ७० वरून ५७७, ४०८ येते, आणि ५७७/४०८ ही तीच किंमत आहे जी शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदी बांधण्याच्या प्राचीन ग्रंथांत, √२ साठी दिलेली आहे. जोडीवरून जोडी करण्याची ही पद्धत ब्रह्मगुप्ताची ‘भावना’, सातव्या शतकातली. मग दुपटीच्या जागी ६१ पट ठेवून सोडून द्या. मुलं दोन-तीन दिवस धडपडतील. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘चक्रवाल’ पद्धतीनं त्याचं सर्वांत लहान उत्तर काढलं: १७६६३१९०४९ आणि २२६१५३९८०. पडताळणी बऱ्याच साध्या कॅल्क्युलेटरवर मावत नाही, हाताने गुणाकार करावा लागतो. आमच्याकडे दोघांनी बैठक मारून तो केला आणि कागद अजून फळ्याशेजारी चिकटवलेला आहे.

जाता जाता: २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ पुन्हा २९७. अशा संख्यांनाच कापरेकर संख्या म्हणतात. झेरॉक्सच्या कागदाच्या कडेवर ती येऊन बसावी हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो आवडतो.

भौतिकशास्त्र: आधी हात, मग सूत्र

भौतिकशास्त्रात ‘कशावरून’चं उत्तर मोजून मिळतं, म्हणून इथे मोजायला शिकवणं हाच निम्मा अभ्यास आहे. प्रयोगशाळा नसली तरी चालेल.

दोलकापासून सुरू करा. दोरा, नट-बोल्टचा जड नट, मोजपट्टी, मोबाइलचं स्टॉपवॉच. पहिला प्रश्न: नट जड घेतला तर दोलक हळू हलेल की भराभर? हात वर करून मतं घ्या, फळ्यावर आकडे लिहा आणि मगच प्रयोग करा. आधी मत नोंदवलं नसेल तर प्रयोगानंतर सगळे ‘मला माहीतच होतं’ म्हणतात.

एका झोक्याला (जाऊन परत येईपर्यंत) लागणारा वेळ मोजायला सांगितला की प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. इथे शिकवण्याची संधी आहे. स्टॉपवॉच दाबताना बोटाला एक-दोन दशांश सेकंद उशीर होतोच. वीस झोके मोजून वीसनं भागलं तर ती चूकही वीसनं भागली जाते. ही कल्पना मुलांना स्वतः सुचली तर तो दिवस सार्थकी. दोन सूचना: लांबी नटाच्या मध्यापर्यंत मोजा, गाठीपर्यंत नाही, आणि झोका लहान ठेवा, दहा अंशांच्या आत. कोन मोठा झाला की वेळ वाढतो, तीस अंशांना जवळपास पावणेदोन टक्के. एखाद्या चोखंदळ गटाला हाच प्रयोग वेगळा करायला द्या.

२५, ५०, ७५ आणि १०० सेंटिमीटर लांबी घेऊन आलेखाच्या कागदावर वेळ मांडा. रेषा वाकडी येते. मग वेळेचा वर्ग मांडा. सरळ येते. ‘वर्गच का घ्यायचा?’ असं विचारलं तर उत्तर देऊ नका, वेळेचा घन घेऊन बघा म्हणा. सरळ रेषेचा चढ एक मीटरला साधारण ४ येतो. π च्या वर्गाची चौपट, म्हणजे ३९.५, त्या चढानं भागली की ९.८ च्या आसपास गुरुत्व त्वरण. आमच्या गटांची उत्तरं ९.५ ते १०.१ मध्ये येतात. एकाचं चक्क १४ आलं होतं, त्यानं लांबी इंचांत मोजली होती आणि मग अंदाजानं बदलली होती. मीटरची लांबी घेतली की एका झोक्याला जवळजवळ बरोबर दोन सेकंद लागतात, हे मुलांच्या कायम लक्षात राहतं.

पुढच्या शनिवारी गोटी. पडद्याची ॲल्युमिनियमची पट्टी किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानातली केसिंग पट्टी, दोन मीटर. एक टोक पुस्तकं ठेवून सात-आठ सेंटिमीटर उचला. गोटी सोडा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा, बाजूला मोजपट्टी दिसू द्या. उंची कमी-जास्त करून गोटी साधारण चार सेकंदांत खाली येईल असं बघा. मग व्हिडिओ थांबवत दर सेकंदाला गोटी कुठे आहे ते लिहा. पहिल्या सेकंदात समजा १२ सेंटिमीटर, दुसऱ्यात ३६ च्या जवळ, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ८४. म्हणजे १, ३, ५, ७. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गॅलिलिओनं उतारावर गोळे सोडून हेच पाहिलं होतं, तेही स्टॉपवॉच नसताना.

आता गणित आणि भौतिकशास्त्र एकाच फळ्यावर येतात. १, १ + ३, १ + ३ + ५ यांच्या बेरजा १, ४, ९. विषम संख्यांची बेरीज वर्गच का येते? चौरसाला एल आकाराची पट्टी लावत जा, आकृतीच सिद्धता होते. म्हणून अंतर वेळेच्या वर्गाप्रमाणे वाढतं. इथून कॅल्क्युलसला वाट जाते, आणि माझ्या त्या पहिल्या फसलेल्या शनिवारची भरपाईही इथेच होते.

समजा अंतर ५ गुणिले वेळेचा वर्ग आहे, मीटरमध्ये. बरोबर दोन सेकंदाला वेग किती? मुलं म्हणतात, एका क्षणात अंतर शून्य, वेळ शून्य, मग वेग कसा काढायचा? ही अडचण खरी आहे, तिला टाळू नका. २ ते २.१ सेकंदांत सरासरी वेग २०.५. २ ते २.०१ मध्ये २०.०५. २ ते २.००१ मध्ये २०.००५. सगळे ओरडतात, वीस! कशावरून? मग वेळेचा छोटा तुकडा ह धरा, कंस सोडवा, सरासरी वेग २० + ५ह येतो. ह हवा तेवढा लहान करता येतो. अवकलनाचं सूत्र यानंतर दोन ओळींत येतं, आणि ते कुठून आलं हे मुलांना ठाऊक असतं.

केसाची जाडी

हा प्रयोग पावसाळ्यातल्या अंधाऱ्या दुपारी करा. लाल लेझर पॉइंटरसमोर एक केस उभा ताणून चिकटवा, प्रकाश दोन मीटरवरच्या भिंतीवर टाका. मधला झगमगीत पट्टा आणि दोन्ही बाजूंना ठिपक्यांची रांग, मध्ये मध्ये अंधार. तेजस्वी भाग सोडून लागोपाठच्या दोन अंधाऱ्या जागांतलं अंतर मोजा. लेझरच्या लेबलवर तरंगलांबी छापलेली असते, लाल पॉइंटरची बहुधा ६५० नॅनोमीटरच्या आसपास. तरंगलांबी गुणिले भिंतीपर्यंतचं अंतर, भागिले ठिपक्यांमधलं अंतर: दोन सेंटिमीटर आलं तर केस ०.०६५ मिलिमीटर जाड. शाळेत स्क्रू गेज असेल तर त्यानं पडताळून पाहा. हे उत्तर जुळतं तेव्हा प्रकाश ही लाट आहे हे वाक्य पहिल्यांदाच खरं वाटतं. लेझर डोळ्यांच्या उंचीवर कधीही धरू नका, तो फक्त तुमच्याच हातात ठेवा, आणि स्वस्तातले हिरवे पॉइंटर वापरूच नका.

कोणाची मावशी किंवा काका दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर पृथ्वीचा परीघही मोजता येतो. कोल्हापूर आणि नाशिक जवळपास एकाच रेखांशावर आहेत. डिसेंबरच्या एकाच दिवशी दोन्हीकडे एक मीटरची उभी काठी लावायची आणि सर्वांत आखूड सावली मोजायची. ती घड्याळाच्या बाराला पडत नाही, आपल्याकडे त्या दिवसांत साडेबाराच्या सुमाराला पडते (आणि हे असं का, यावर वेगळा एक शनिवार जातो). २१-२२ डिसेंबरला कोल्हापुरात सावली साधारण ८४ सेंटिमीटर, नाशकात ९५ च्या जवळ. कोनांतला फरक ३.३ अंश. नकाशावरचं सरळ अंतर सुमारे ३६५ किलोमीटर, रस्त्याचं घेऊ नका. ३६५ × ३६० ÷ ३.३ म्हणजे ४० हजार किलोमीटरला थोडं कमी. एक सेंटिमीटर सावली चुकली तर उत्तर जवळपास दहा टक्क्यांनी हलतं, तेव्हा काठी ओळंब्यानं उभी करा.

नडणाऱ्या गोष्टी

भाषा. मराठी माध्यमाच्या मुलाला ‘मूळ संख्या’ कळते, सेमी इंग्लिशवाल्याला ‘प्राइम नंबर’. एकाच बाकावर बसून दोघं एकमेकांना अडाणी समजतात. मी फळ्याच्या उजव्या कडेला एक उभी रेघ मारतो आणि नवा शब्द आला की तिथे दोन्ही लिहितो: अपरिमेय, इर्रॅशनल. त्वरण, अक्सेलरेशन. अकरावी सायन्सला सगळं इंग्रजीत होतं तेव्हा मराठी माध्यमाची मुलं शब्दांमुळे मागे पडतात, डोक्यामुळे नाही. ही रेघ तेव्हा उपयोगी येते. बोलणं मात्र ज्याच्या त्याच्या भाषेत होऊ द्या.

शांतता. प्रश्न विचारल्यावर कोणी बोललं नाही की आपण उत्तर सांगून मोकळे होतो. मनात साठपर्यंत मोजा. खरंच मोजा.

सगळ्याची उत्तरं देणारा एक जण प्रत्येक गटात असतो. त्याला गप्प बसवू नका. त्याला सांगा की तू उत्तर सांगायचं नाहीस, फक्त इतरांच्या उत्तरातली चूक शोधायचीस.

पालक. “यानं मार्क किती वाढतील?” याला मी प्रामाणिक उत्तर देतो, लगेच वाढणार नाहीत. दोन-तीन मुलं त्यामुळे जातात. खोटं आश्वासन देऊन राहिलेली मुलं त्याहून जास्त त्रास देतात.

आणि तुम्हाला उत्तर येत नसेल तेव्हा तसं म्हणा, प्रश्न वहीत लिहा, पुढच्या शनिवारी उत्तर घेऊन या. एक प्रश्न माझ्याकडे अजून वहीतच आहे.

गावाबाहेर

वर्ष-दोन वर्षांत एखाद्या मुलाला तुमची झेप अपुरी पडते. ऑलिम्पियाडची वाट आठवी ते बारावीच्या मुलांना खुली आहे. गणितासाठी आधी आयओक्यूएम ही पात्रता परीक्षा, मग विभागीय पातळीची आरएमओ, मग राष्ट्रीय पातळीची आयएनएमओ. भौतिकशास्त्रासाठी भौतिकशास्त्राच्या शिक्षकांच्या संघटनेची, आयएपीटीची, एनएसईपी ही परीक्षा. पुढच्या टप्प्यांचं काम मुंबईत मानखुर्दला असलेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पाहतं. पात्रता आणि तारखा दरवर्षी केंद्राच्या संकेतस्थळावर पाहा, जुन्या झेरॉक्सवर विसंबू नका. पण मुलाला स्पर्धेत ढकलण्याआधी त्याला ते हवंय का हे विचारा. घड्याळ लावून विचार करायला न आवडणारी मुलंही उत्तम गणिती होतात.

पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, तिथे शाळकरी मुलांसाठी गणिताचे वर्ग चालतात. ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास, नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला जाता येतं का याची आधी चौकशी करा. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. सहलीआधीच्या शनिवारी एक गणित द्या: अशा एका तबकडीचं तोंड किती चौरस मीटर, आणि तुमच्या शाळेचं मैदान त्यात मावेल का?

पहिल्या शनिवारच्या पिशवीत हे टाका: खडू, डस्टर, कोऱ्या कागदांची चळत, पेन्सिली जास्तीच्या चार, बिस्किटांचे दोन पुडे. आणि ०९९ पासून ८९१ पर्यंतची ती नऊ ओळींची साखळी एकदा स्वतः घरी करून जा.